फिरत्या घराची वीज

घर म्हटले की आधी पाया आठवतो. ज्याला पाया नाही, चाके मात्र आहेत, असे घर अमेरिकेत नवलाईचे राहिलेले नाही. आयोवा राज्यातील फॉरेस्ट सिटी ह्या लहानशा गावी विनेबागो कंपनीने १९६६ पासून मोटारघरे कारखान्यात एकापाठोपाठ एक बांधावयास आरंभ केला, आणि ही वस्तू हौशी धनिकांपुरती उरली नाही. आज वडोद्याहून किंवा इंदुराहून मुलाकडे गेलेल्या निवृत्त आईवडिलांनाही तिचा अनुभव येतो. मुलगा आठ दिवसांची रजा काढतो, मोटारघर भाड्याने घेतो, आणि ज्यांनी जन्मात तंबूत रात्र काढलेली नाही अशी वडीलधारी मंडळी ॲरिझोनाच्या माळावर आपल्या गाडीतच चहा करून पितात. ह्या चहाची किटली कोणत्या विजेवर तापते, हा प्रश्न सहसा त्यांना पडत नाही. तो पडावयास हवा.

गाड्यांसाठी राखलेल्या तळावर उतरल्यास अडचण नसते. तेथे प्रत्येक जागेशी विजेचा एक खांब असतो. गाडीतून जाडजूड वायर काढावयाची, खांबावरील सॉकेटमध्ये खोवावयाची, की घर उजळले. पण अमेरिकेच्या पश्चिम भागात सरकारी मालकीची अफाट मोकळी जमीन आहे. तिच्यावर बहुतेक ठिकाणी चौदा दिवसांपर्यंत विनामूल्य मुक्काम करता येतो, आणि तेथे खांब नाही, नळ नाही, शेजारही बेताचाच. क्वार्ट्झसाइट गावाच्या भोवतालच्या वाळवंटात हिवाळ्यात अशी हजारो मोटारघरे येऊन उभी राहतात. अशा ठिकाणी आपली वीज आपणच निर्माण करणे प्राप्त होते. काही गाड्यांच्या पोटातच जनित्र बसविलेले असते. ज्यांत नसते, त्यांचे मालक हातात उचलून नेण्याजोगे पेट्रोलवरचे छोटे जनित्र बरोबर बाळगतात. आपल्याकडे यात्रेत, लग्नाच्या वरातीत आणि तमाशाच्या फडात ज्याला सरसकट ‘जनरेटर’ म्हणतात, त्याचाच हा धाकटा भाऊ.

जुन्या पद्धतीच्या जनित्राची रचना सरळ असते. इंजिन एका ठरावीक वेगाने फिरते आणि त्या वेगावरच विजेची आवर्तने अवलंबून असतात. अमेरिकेत सेकंदाला ६० आवर्तनांची वीज वापरतात. म्हणून तेथील दोन ध्रुवांचे जनित्र मिनिटाला ३,६०० फेरे घेते. आपल्याकडे ५० आवर्तने, म्हणून ३,००० फेरे. गाडीत एक दिवा लागला असो वा दहा यंत्रे चालू असोत, हा वेग तोच ठेवावा लागतो. त्यामुळे रात्रभर तोच घणघणाट. ‘इन्व्हर्टर’ पद्धतीच्या नव्या जनित्रात निर्माण झालेली वीज आधी एकदिश करतात आणि मग इलेक्ट्रॉनिक मंडलाकडून तिच्यापासून हवी तशी स्वच्छ, ६० आवर्तनांची वीज घडवितात. इंजिनाच्या वेगाशी आवर्तनांचे नाते तुटल्यामुळे भार कमी असेल तेव्हा इंजिन संथ चालू शकते. पेट्रोल वाचते, आवाज उतरतो. मोटारघरवाल्यांची पसंती ह्या जातीला आहे, आणि ती योग्य आहे.

ह्यापुढचा भाग साध्या अंकगणिताचा आहे; तरी पुष्कळ लोक तेथेच फसतात. अमेरिकन घरगुती विजेचा दाब १२० व्होल्ट. मध्यम आकाराच्या मोटारघराची जोडणी ३० अँपियरची असते. म्हणजे खांबावरून त्याला अधिकात अधिक ३,६०० वॅट मिळू शकतात. मोठ्या गाड्यांची जोडणी ५० अँपियरची असून तिच्यात १२० व्होल्टांच्या दोन तारा येतात, आणि एकूण शक्ती १२,००० वॅटपर्यंत जाते. ह्याच्या तुलनेत हाती उचलण्याजोगे लोकप्रिय जनित्र २,००० वॅटचे. तोही आकडा क्षणभराचा. सतत द्यावयाची त्याची शक्ती १,६०० वॅटच्या आसपास. किटली १,५०० वॅट खाते. सूक्ष्मलहरींची भट्टी अन्नाला १,००० वॅट देते, पण स्वतः १,५०० घेते. छतावरील वातानुकूलन यंत्र चालू झाल्यावर १,३०० ते १,५०० वॅटवर स्थिरावते, परंतु सुरू होण्याच्या क्षणी त्याच्या दुपटीहूनही अधिक ओढ घेते. उसाच्या गाडीला चिखलातून निघण्यासाठीच जादा बैल लागतात, पुढे वाटेवर लागत नाहीत, तसाच हा प्रकार. एका लहान जनित्राने ती ओढ सोसत नाही. मग दोन सारखी जनित्रे विशिष्ट वायरीने समांतर जोडतात, किंवा यंत्राला सावकाश सुरू करणारे उपकरण बसवून घेतात. चहा होईपर्यंत वातानुकूलन बंद ठेवणे हा तिसरा उपाय. त्याला काहीच खर्च पडत नाही.

उंचीचा परिणामही ध्यानात घ्यावयास हवा. हवा विरळ झाली की इंजिनाला प्राणवायू कमी पडतो, आणि दर हजार फुटांना त्याची साधारण साडेतीन टक्के शक्ती घटते. कोलोरॅडोमधील लेडव्हिल गाव १०,००० फुटांहून उंच आहे. तेथे १,६०० वॅटचे जनित्र हजार-अकराशे वॅटांवर येऊन ठेपते. समुद्रकाठी कसेबसे चालणारे यंत्र डोंगरावर का चालत नाही, म्हणून दुकानदाराला दोष देण्यात अर्थ नाही.

आतापर्यंतच्या चुका फार तर यंत्राला भोवतात. ह्यापुढची चूक माणसाच्या जिवावर बेतते.

पेट्रोल जळताना कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निर्माण होतो. त्याला रंग नाही, वास नाही, तो डोळ्यांना झोंबत नाही. जनित्राच्या धुराला जो वास येतो तो इतर पदार्थांचा. म्हणून धुराचा वास येत नाही तेव्हा विषही नाही, असे मानणे धोक्याचे आहे. रक्तातील हीमोग्लोबिनचे काम प्राणवायू उचलून शरीरभर पोहोचविण्याचे. ह्या हीमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा कार्बन मोनॉक्साइडची ओढ दोनशे पटींहूनही अधिक आहे. त्यामुळे श्वासातून हा वायू थोडा जरी येत राहिला तरी रक्तातील जागा तो एकेक करून अडवितो, आणि माणूस भरपूर श्वास घेत असतानाच आतून गुदमरतो. मोटारीला धूर शुद्ध करणारे साधन सक्तीने बसविलेले असते. छोट्या जनित्रांपैकी बहुतेकांना ते नसते. अमेरिकेच्या ग्राहकोपयोगी वस्तू सुरक्षा आयोगाने असे सांगितले आहे, की एक सामान्य जनित्र उभ्या स्थितीत चालू असलेल्या शेकडो मोटारींइतका हा वायू सोडते. त्याच आयोगाच्या हिशेबाप्रमाणे त्या देशात सुट्या जनित्रांमुळे होणाऱ्या अशा विषबाधेने वर्षाला सुमारे १०० माणसे प्राणास मुकतात.

कोणी म्हणेल, जनित्र तर उघड्यावर ठेवलेले असते, मग भय कसले? ह्या समजुतीला उत्तर म्हणून युटा-ॲरिझोनाच्या सीमेवरील पॉवेल सरोवरात २००० सालच्या ऑगस्टमध्ये घडलेली गोष्ट सांगण्यासारखी आहे. तेथे एका घरनौकेच्या मागच्या बाजूस, पोहणाऱ्यांच्या फळीखालील पोकळीत, दोन लहान भाऊ पोहत शिरले आणि बुडाले. वर मोकळे आकाश, खाली पाणी. पण नौकेच्या जनित्राचा धूर त्या पोकळीत साठत होता. नंतर सरकारी तज्ज्ञांनी केलेल्या मोजणीत तेथे ह्या वायूचे प्रमाण काही क्षणांत माणूस बेशुद्ध पडावा इतके आढळले. आपल्या देशातील दाखला तर अगदी अलीकडचा आहे. डिसेंबर २०२४ मध्ये केरळात वडकरा येथे रस्त्याच्या कडेला उभ्या केलेल्या फिरत्या घरात दोन माणसे मृत सापडली. तपासात असे दिसून आले, की आत गारवा राहावा म्हणून चालू ठेवलेल्या जनित्राचा वायू तळातील छिद्रावाटे माणसांच्या खोलीत शिरला होता.

धूर आत येतो कसा, हे नीट समजले म्हणजे पुढच्या सूचना पाठ कराव्या लागत नाहीत. मोटारघराच्या तळाला आणि भिंतींना अनेक भोके असतात: पाण्याच्या नळीचे, विजेच्या वायरीचे, गॅसच्या नळीचे, बाहेर सरकणाऱ्या खोलीच्या कडेचे. स्वयंपाकाचा वास जावा म्हणून छतावरचा पंखा लावला, की तो आतली हवा बाहेर फेकतो, आणि तितकीच हवा ह्या भोकांतून आत ओढली जाते. गाडीखाली किंवा खिडकीलगत जनित्र असेल तर ओढली जाते ती विषारी हवा. ह्या वायूचे वजन जवळजवळ हवेइतकेच आहे. तो स्वयंपाकाच्या गॅसप्रमाणे तळाशी बसत नाही आणि उष्ण वाफेप्रमाणे छताशी अडकून राहत नाही, तर खोलीभर मिसळतो. खिडकी थोडी उघडी ठेवली म्हणजे झाले, हा भरवसा म्हणूनच फसवा. कित्येकदा त्याच खिडकीतून तो येतो.

तेव्हा जनित्र गाडीपासून निदान २० फूट दूर, वारा गाडीकडून जनित्राकडे वाहत असेल अशा बाजूस ठेवावे, आणि धुराचे तोंड गाडीकडे नव्हे तर पलीकडे वळवावे. पलीकडे दुसऱ्याचे मोटारघर असेल तर त्याचाही विचार करावयाचा. आपला धूर शेजाऱ्याच्या बिछान्यात जाऊ नये. संध्याकाळी वारा फिरतो, म्हणून दुपारी ठरविलेली जागा रात्री पुन्हा पाहावी लागते. पाऊस आला म्हणून जनित्र गाडीच्या सामानाच्या कप्प्यात किंवा दारापुढील ताडपत्रीखाली ओढून घेणे हा ह्या सर्व प्रकारांतील सर्वांत वाईट. पावसासाठी वेगळे उघडे छप्पर मिळते; ते नसेल तर जनित्र बंद करावे आणि अंधार सोसावा. आणि झोपताना ते चालू ठेवू नये. जागेपणी डोके दुखेल, भोवळ येईल, मळमळेल. निजलेल्या माणसाला ह्यांतील कोणतीच सूचना मिळत नाही.

जागेपणीही सूचना ओळखता येतेच असे नाही. डोके दुखणे, मळमळणे, गळून जाणे ही लक्षणे प्रवासातील शिणासारखी, गाडी लागल्यासारखी किंवा उंचीवरील त्रासासारखीच असतात. आजी म्हणतात, पित्त झाले. आजोबा म्हणतात, ऊन लागले. एकाच वेळी गाडीतील दोघातिघांचे डोके दुखू लागले, आणि बाहेर आल्यावर बरे वाटले, तर निदान झालेच समजावे. अशा वेळी सर्वांना तत्काळ मोकळ्यावर काढावे, जनित्र त्यानंतर बंद करावे, आणि वैद्यकीय मदत मागवावी. त्यासाठी अमेरिकेत ९११, आपल्याकडे ११२. साध्या हवेत रक्तातील ह्या विषाचे प्रमाण निम्म्यावर यावयास चार-पाच तास लागतात. शुद्ध प्राणवायू दिल्यास तेच काम तास-दीड तासात होते. एक इशारा येथे अवश्य द्यावयास हवा. २०२० सालच्या साथीपासून पुष्कळ घरांत बोटाला लावून प्राणवायू मोजण्याचे यंत्र आहे. कार्बन मोनॉक्साइडने व्यापलेले हीमोग्लोबिन आणि प्राणवायूने भरलेले हीमोग्लोबिन ह्यांतील फरक त्या साध्या यंत्राला कळत नाही. माणूस मरणाच्या दारी असताना ते ९८ दाखवू शकते. त्याच्या आकड्यावर विसंबून कोणी डॉक्टरांकडे जाण्याचे टाळू नये.

म्हणूनच ह्या वायूची वर्दी देणारी घंटा गाडीत, बिछान्याजवळ, असलीच पाहिजे. गॅसगळतीची घंटा वेगळी. ती जमिनीलगत लावतात, कारण स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड. एक आहे म्हणून दुसरी नको, असे होत नाही. ह्या घंटांना आयुष्य असते. बहुतेकांच्या पाठीवर मुदतीचे वर्ष छापलेले असते, आणि मुदत संपलेली घंटा चाचणीचे बटण दाबल्यावर वाजते खरी, पण वायू आल्यावर वाजेल ह्याची हमी नाही. अलीकडच्या काही जनित्रांत भोवतालचा वायू वाढला की इंजिन आपोआप थांबविणारी योजना आहे. ती उपयुक्त आहे. पण ती जनित्राजवळची हवा पाहते, गाडीतली नव्हे.

आता विजेच्या जोडणीकडे वळावे. एका बाबतीत मोटारघर हे पक्क्या घरापेक्षा सुरक्षित आहे. त्याला बाहेरची वीज घेण्याचे तोंड एकच. तीच वायर एकतर खांबाला लागते किंवा जनित्राला. दोन्हींना एकदम लागू शकत नाही. पक्क्या घरात मात्र वीज गेली असता काही लोक दोन्हीकडे पिन असलेली वायर करून जनित्राची वीज भिंतीतील सॉकेटमधून घरात सोडतात. मुख्य स्विच बंद करावयाचा राहिला, तर ती वीज उलट्या दिशेने रोहित्राकडे जाते, आणि जे रोहित्र ११,००० व्होल्टांची वीज उतरवून आपल्याला देते, तेच आपली वीज चढवून ११,००० व्होल्ट करून तारांत सोडते. लाईन बंद आहे अशा समजुतीने खांबावर चढलेल्या वायरमनला तिचा फटका बसतो. भारतात काय आणि अमेरिकेत काय, अशी वायर घरात असू नये. चेंजओव्हर स्विच बसवून घ्यावा.

मोटारघराच्या वाट्याला निराळीच एक गफलत येते. त्याचे ३० अँपियरचे सॉकेट १२० व्होल्टांचे असते. परंतु अमेरिकेतील जुन्या घरांत कपडे वाळविण्याच्या यंत्रासाठी जे ३० अँपियरचे सॉकेट असते ते २४० व्होल्टांचे, आणि दोहोंनाही पाय तीनच. मोटारघरांशी ज्याचा कधी संबंध आला नाही असा चांगला अनुभवी विद्युत्कारागीरही मुलाच्या अंगणात सॉकेट बसविताना ही चूक करून जातो, आणि पहिल्याच दिवशी गाडीतील यंत्रे एकामागून एक जळतात. नव्या सॉकेटमध्ये वायर खोवण्यापूर्वी मीटर लावून दाब पाहण्याला मिनिटही लागत नाही.

अर्थिंगचा प्रश्न अधिक नाजूक आहे. मोटारघराच्या आत न्यूट्रल आणि अर्थ ह्या दोन तारा मुद्दाम अलग ठेवलेल्या असतात. त्यांची गाठ बाहेर, विजेच्या उगमाशी, एकाच ठिकाणी पडावयाची असते. तळावरील खांबाच्या बाबतीत ती पडलेली असते. इन्व्हर्टर जातीच्या बहुतेक छोट्या जनित्रांत ती पडलेली नसते. परिणाम असा, की एखाद्या यंत्रातील वायर सुटून गाडीच्या धातूच्या अंगाला लागली तरी प्रवाहाला परत जावयास वाट नसते, म्हणून ब्रेकर पडत नाही आणि दोष लपून राहतो. पुढे दुसरा दोष उद्भवला की मग गाडीचे अंगच धक्का देऊ लागते. काही गाड्यांत विजेवर पहारा ठेवणारे उपकरण असते; ते अशा जनित्राला ‘अर्थ नाही’ म्हणून नाकारते, आणि मालक जनित्र बिघडले म्हणून हळहळतो. बिघडलेले काही नसते. न्यूट्रल व अर्थ आत जोडलेला एक प्लग मिळतो. तो जनित्राच्या मोकळ्या सॉकेटमध्ये खोवला म्हणजे ही गाठ पडते. मात्र ज्या जनित्रात गाठ मुळातच आहे तेथे, किंवा तळाच्या खांबाशी, हा प्लग कदापि वापरू नये. दोन ठिकाणी गाठ पडली की परतीचा प्रवाह अर्थच्या तारेतून आणि धातूच्या अंगातूनही वाहू लागतो. जनित्राशेजारी जमिनीत लोखंडी सळई ठोकण्याची खटपट काही लोक करतात. केवळ आपल्या सॉकेटमधून वायरीने वीज देणाऱ्या सुट्या जनित्राला अमेरिकन नियमांनुसार तिची गरज नाही, आणि सळईने वरील गाठीचे कामही होत नाही.

वायर गाडीची असेल तीच वापरावी. २० फूट अंतर राखावयाचे म्हणून बारीक घरगुती वायरीचे वेटोळे जोडले, की ती तापते, आणि वेटोळ्यात उष्णता कोंडून प्लास्टिक वितळते. वायर पूर्ण उलगडून, येण्याजाण्याच्या वाटेतून दूर, पाणी साचत नाही अशा जमिनीवरून न्यावी.

पेट्रोल भरताना इंजिन बंद करून थंड होऊ द्यावे. पेट्रोलची वाफ जड असते; ती जमिनीलगत सरपटत गाडीतील फ्रीजच्या गॅसज्योतीपर्यंत जाऊ शकते. डबा आणि जनित्र माणसे बसतात त्या भागात ठेवून प्रवास करू नये. सरकारी वनांत ठिणगी अडविणारी जाळी धुराच्या तोंडाशी नसेल तर जनित्र लावू देत नाहीत, आणि तेथील वणवे पाहता ते ठीकच आहे. राष्ट्रीय उद्यानांत ५० फुटांवरून ६० डेसिबलांपेक्षा मोठा आवाज चालत नाही, आणि रात्री दहापासून सकाळी सहापर्यंत शांततेचा नियम असतो. जनित्राच्या वेळा प्रत्येक तळावर निरनिराळ्या लावलेल्या आढळतात.

ह्या निर्बंधांमुळेच अनुभवी प्रवासी आता जनित्राकडून दुसरे काम घेतात. दिवसा दोन-तीन तास ते चालवून गाडीची बॅटरी भरावयाची, उरलेली भर छतावरील सौरपत्र्यांनी घालावयाची, आणि रात्री दिवे, पंखा, फ्रीज बॅटरीवर. लिथियमची बॅटरी महाग पडते, पण तिला धूर नाही.

आपल्याकडे महाराष्ट्र आणि केरळ ह्या राज्यांनी २०२१ मध्ये फिरत्या घरांच्या पर्यटनाचे धोरण जाहीर केले, तेव्हा ही वाहने कोकणच्या किनाऱ्यावर दिसली तर आश्चर्य नको. भाड्याने घेणाऱ्याने गादीचा मऊपणा पाहण्याआधी चालकाला तीन गोष्टी विचाराव्यात: जनित्र कोठे बसविले आहे, त्याचा धूर कोणत्या बाजूने बाहेर पडतो, आणि आत वायूची घंटा आहे काय. घंटा असल्यास ती काढून तिच्या पाठीवरचे वर्ष वाचावे. रात्री गारव्यासाठी जनित्र चालू ठेवू का, असे चालकाने विचारले, तर नको म्हणावे आणि खिडक्यांना जाळ्या आहेत की नाहीत ते पाहावे. चालक पुढच्या बैठकीवर निजणार असेल तर हेच त्याच्यासाठीही लागू.